हरू शकेल असं वाक्य

माझा स्वभाव भांडखोर आहे, हे सौंसरपासून पांढुर्ण्यापर्यंत ज्याचा ज्याचा माझ्याशी संबंध आला त्या सगळ्यांना ठाऊक आहे. बसच्या कंडक्टरशी भांडते, शाळेत मुख्याध्यापकांशी भांडते, आणि घरी नवरा आहेच. पण एका वाक्यासमोर मी अशी गप्प झाले की बाप्पा! अजून त्याची आठवण आली की अंगावर काटा येतो. म्हणून हे लिहून राहिले.

सौंसर म्हणजे मध्य प्रदेशातलं, महाराष्ट्राच्या सीमेजवळचं आमचं गाव. तिथं मी शाळेत शिकवते. पोरं शिकायला बाहेर गेली, घर मोकळं झालं, आणि चाळिशी उलटल्यावर मला पीएचडीचं खूळ लागलं. विषय समाजशास्त्र. गाइड पांढुर्ण्याच्या मॅडम, वयानं माझ्याहून लहान, पण जीभ माझ्याहून तिखट. प्रबंध हिंदीत लिहायचा, विचार मराठीत करायचा आणि मॅडमशी वाद आमच्या वऱ्हाडीत घालायचा, अशी वाटणी होती.

विषय मी बाबांसाठी निवडला. त्यांचं गाव तिगाव स्टेशनापासून जवळ. थोडा संत्र्याचा बगीचा, बाकी कापूस. अक्षय तृतीयेला आमच्याकडे पितरांसाठी पाण्यानं भरलेली नवी घागर मांडतात. ती घरोघरी असते. पण ढेकळांवर ठेवलेली घागर गावात एकच, आमची. आजोबांच्याही आधीपासून ती रीत आमच्या घरात आहे. शेतातून मातीची चार ढेकळं आणायची. एक ज्येष्ठाचं, एक आषाढाचं, एक श्रावणाचं, एक भाद्रपदाचं. त्यांच्यावर घागर ठेवायची. कोरी घागर पाझरते. संध्याकाळी ज्या महिन्याचं ढेकूळ जास्त भिजलेलं दिसेल, त्या महिन्यात पाऊस जास्त.

त्या संध्याकाळी अर्धं गाव आमच्या अंगणात बसतं. घागर पाहून झाली की विचारायचा प्रश्न एकच असतो: कपाशीची धूळपेरणी करावी की नाही? म्हणजे पावसाची वाट न पाहता आधीच कोरड्या मातीत बी टाकायचं. पाऊस वेळेवर आला तर पीक सगळ्यांच्या पुढं, नाही आला तर बियाणं मातीत गेलं. बाबा कधीच छाती फुगवून बोलले नाहीत. ‘मी कोन सांगनारा? घागर सांगते,’ एवढंच म्हणायचे. लोकांच्या खिशात मोबाइल आहेत, मोबाइलमध्ये हवामान आहे. तरी त्यांचं म्हणणं, ‘मोबाइल साऱ्या जिल्ह्याचं सांगते, घागर आपल्या शिवाराचं.’ आणि खरं सांगायचं तर लोक घागरीवर नाही, बाबांवर भरवसा ठेवून होते. आई गेल्यानंतर बाबा कुठं जाईनासे झाले होते. त्यांच्याजवळ उरला होता तो हा मान, ही एक संध्याकाळ. मला ती मोठ्या पुस्तकात, पक्क्या बांधणीत आणायची होती. माझे बाबा बरोबर आहेत, हे विद्यापीठाच्या शिक्क्यानिशी सांगायचं होतं.

तर मी मोठ्या झोकात परिकल्पना लिहून मॅडमकडे नेली. परिकल्पना म्हणजे संशोधन सुरू करण्याआधी मांडलेलं वाक्य, जे पुढं तपासायचं. माझं वाक्य होतं: ‘ग्रामीण भागातील पारंपरिक ज्ञान पावसाच्या अंदाजासाठी उपयुक्त ठरू शकते.’ मला ते फार भारदस्त वाटलं होतं.

‘ठरू शकते,’ मॅडमनी वाचलं. ‘आणि नाही ठरलं तर?’

‘तर यंदा नाही ठरलं. पुढच्या वर्षी ठरू शकते.’

‘म्हणजे पाऊस पडला तरी तुमचंच खरं, नाही पडला तरी तुमचंच खरं. चित भी मेरी, पट भी मेरी!’ त्यांनी कागद माझ्याकडे सरकवला. ‘ताई, ही परिकल्पना नाही. हा जामसांवलीला बोललेला नवस आहे. पूर्ण झाला तर देवाची कृपा, नाही झाला तर आपलीच भक्ती कमी. नवसाला हरता येत नाही. मला हरू शकेल असं वाक्य आणून द्या.’

मला राग आला. मी जामसांवलीच्या मारुतीला नेमानं जाणारी बाई. नवस बोललेले आहेत, फेडलेलेही आहेत. तिथंच दोन शब्द सुनावले आणि तणतणत सौंसरची बस धरली. जामसांवलीच्या थांब्यावर नारळाच्या पिशव्या घेतलेली माणसं उतरली, मी खिडकीतून हात जोडले, आणि जोडता जोडता माझ्या लक्षात आलं की मॅडम देवाला काहीच बोलल्या नव्हत्या. त्या मला बोलल्या होत्या. देवाशी बोलायची रीत मी कागदावर आणली होती. मग आठवत गेलं, बाबाही तसंच बोलायचे. ‘सावनात पानी बरं राहीन’ हे त्यांचं ठरलेलं वाक्य. बरं म्हणजे किती? त्याला कोणी कधी अडवलं नाही. बापलेक दोघंही न हरणारी वाक्यं बोलत आलो होतो, आणि दोघांनाही वाटायचं की हीच शहाणपणाची भाषा.

पुढचे कित्येक दिवस माझी वाक्यं परत येत राहिली. एकात ‘काही प्रमाणात’ होतं, एकात ‘बहुधा’, एकात ‘योग्य पद्धतीनं मांडल्यास’. ‘योग्य पद्धत कोणती ते पाऊस पडल्यावर ठरवणार का?’ मॅडम विचारायच्या. नाचता येईना अंगण वाकडं, त्याची सोय मी आधीच वाक्यात करून ठेवत होते. शेवटी त्या म्हणाल्या, ‘बाबांचंच वाक्य घ्या ना. घागर सांगते, असं म्हणतात ना ते? मग गावात घागरी किती? सगळ्या एकाच आभाळाखाली.’

इतकं सोपं! घागर जर शिवाराचा पाऊस सांगत असेल, तर त्या दिवशी गावातल्या सगळ्या घागरींनी एकच गोष्ट सांगितली पाहिजे. पावसाची वाटसुद्धा पाहायची गरज नाही. घरोघरच्या घागरीखाली ढेकळं ठेवायची, आणि संध्याकाळी पाहायचं की त्यांचा एकमेकींशी मेळ बसतो की नाही. बसला नाही, तर पाऊस पडण्याच्या आधीच वाक्य हरलं.

‘आता याच्यासमोर शून्य परिकल्पना लिहा,’ मॅडम म्हणाल्या.

शून्य परिकल्पना म्हणजे काय ते मी परीक्षेपुरतं पाठ केलं होतं. त्या दिवशी समजलं. आधी असं धरायचं की आपण म्हणतो तसं काहीच नाही. घागरींत मेळ नाही, दिसला तर योगायोग. तिथं बसायचं. मग पुराव्यानं आपल्याला हाताला धरून तिथून उठवायचं. पुरावा कमी पडला तर तिथंच बसून राहायचं, कितीही वाईट वाटलं तरी.

चहा समोर तसाच थंड झाला. मला काय वाटत होतं ते सांगणं कठीण आहे. आमच्या घरात, गावात, शाळेत, कुठंही मी माणसाला ‘मी चुकलो असेन’ इथून सुरुवात करताना पाहिलं नव्हतं. मी तर नाहीच नाही. आणि इथं देशोदेशीच्या, एकमेकांची तोंडंही न पाहिलेल्या लोकांनी मिळून ठरवलं होतं की सुरुवात तिथूनच करायची. कोणी शोधली असेल ही रीत? किती वेळा तोंडावर आपटून शोधली असेल? मला एकदम देवळात आल्यासारखं वाटलं, आणि हे मॅडमला सांगितलं तर त्या हसतील म्हणून मी निमूट चहा पिऊन घेतला.

पण वाक्य कागदावर लिहिणं वेगळं, आणि ते बाबांना जाऊन सांगणं वेगळं. हरलं तर कागद हरणार नव्हता. त्यांची संध्याकाळ जाणार होती.

मी गेले तेव्हा बाबा बगीच्यात संत्र्याच्या आळ्यातलं गवत काढत होते. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. ते काम करत राहिले. पाठ माझ्याकडे.

‘म्हंजे पाऊस येऊस्तोर थांबा नाही लागत?’

‘नाही. एका दिवसात समजते.’

‘भल्लं वाक्य हाये,’ ते म्हणाले. मग उपटलेलं गवत बाजूला टाकत, ‘हरलो तं?’

‘तर हरलो असं लिहावं लागेल, बाबा.’

‘माह्या नावानं?’

‘नाव नसते त्याच्यात.’

‘गावाले नाव कायले पाह्यजे? सारे वळखतेत.’ त्यांनी विळा पुसला आणि माझ्याकडे पाहिलं. ‘तुले काय वाट्टे?’

मी म्हटलं, ‘मले तुम्ही जिंकावं असं वाट्टे.’ म्हणता म्हणता रडूच आलं मला. भांडखोर बायकांना रडू फार लवकर येतं, हे कोणाला ठाऊक नसतं.

‘मंग काहून घाबरतं? खरं असन तं जिंकन,’ असं म्हणून ते जेवायला निघाले.

दुसऱ्या दिवशी समोरच्या काकू माझ्यावर चालून आल्या. काकू म्हणजे बाबांच्या चुलतभावाची बायको, तोंडानं फटकळ, मनानं लोणी. ‘अवो, घागरीची परीक्षा घेऊन राहिली म्हन्ते! उद्या देवाची घेशीन. झाकली मूठ सव्वा लाखाची असते, बाई. काहून उघडाले लावतं म्हाताऱ्याले?’ मी काही बोलणार, तोच बाबा मागून म्हणाले, ‘मीच उघडून राहिलो, वहिनी. तुमच्या घागरीखाली बी ढेकळं ठेवा लागते यंदा.’

त्यानंतर जे झालं त्यानं मी थक्क झाले. बाबा स्वतः घरोघर गेले. मी सांगितलेलं नसताना त्यांनी सगळ्यांसाठी ढेकळं एकाच वावरातून आणली. मी विचारलं तर म्हणाले, ‘उद्या कोनी म्हनन, तुही माती काळी, माही भुरकी.’ घागरी एकाच कुंभाराच्या घ्यायला लावल्या. पाणी एकाच विहिरीचं. मांडायची वेळ एक. अंगण चढउताराचं असेल तर पाणी एका अंगाला झुकेल, म्हणून प्रत्येक अंगणात वाटीत पाणी ठेवून सपाट जागा पाहिली. मी मागं मागं फिरत होते आणि माझ्या ध्यानात आलं, हा माणूस एकेक करून स्वतःच्याच पळवाटा बुजवून राहिला आहे. ज्या सबबी उद्या त्याला वाचवू शकल्या असत्या, त्या तो आजच हातानं मिटवत होता. मला हे करायला मॅडमनी किती वेळा कागद परत पाठवावा लागला होता!

पाहणारा कोण, हा प्रश्न उरला. बाबांनी त्यांच्या जुन्या मित्राला बोलावलं. त्यांना मी काका म्हणते; ते बौद्ध मोहल्ल्यातले. त्यांच्या घरी ना पितरांची घागर, ना ढेकळं. त्यांचं छोटं वावर आमच्या धुऱ्याला, म्हणजे बांधाला, लागून, आणि पेरणी मात्र ते बाबांना विचारूनच करायचे. ‘याची घागरच नाही, तं हा कोनाची बाजू घेईन?’ बाबा म्हणाले. काका हसले, ‘घागरीची नाही, पर तुही घेईन ना, लेका.’ म्हणून मग असं ठरलं की कोणत्या कोपऱ्यातलं ढेकूळ कोणत्या महिन्याचं, हे काकांना सांगायचंच नाही. त्यांनी फक्त हात लावून जास्त भिजलेलं दाखवायचं.

तृतीयेच्या सकाळी घागरी मांडण्याआधी बाबांनी सगळ्यांना आमच्या अंगणात बोलावलं. आईच्या फोटोला हार घातला होता, आमरसाचा वास घरभर होता. बाबा उभे राहिले. त्यांना उभं राहून बोलायची सवय नाही.

‘आता बोलतो ते ध्यानात ठेवजा. घागरीले पावसाचं समजत असन, तं आज साऱ्या घागरी एकच महिना दाखवतीन. दोन-चार इकडच्या तिकडं झाल्या तं चालन. पर जो तो महिना येगळा आला, तं घागरीले समजत नाही. हे मी सकाळी बोलून राहिलो. संध्याकाळी बदलनार नाही.’

मॅडमनी मेळ कशाला म्हणायचं त्याचं गणित करून दिलं होतं, ते माझ्या पर्समध्ये होतं. पण मी त्या माणसाकडे पाहत होते. जे वाक्य लिहायला मला अख्खा हिवाळा लागला, ते माझे बाबा अंगणात उभे राहून, अर्ध्या गावासमोर, स्वतःवर घेऊन बोलले होते. शिक्षण म्हणजे काय असं पोरं मला शाळेत विचारतात, तेव्हा मला हेच आठवतं, पण सांगता येत नाही.

ऊन कलल्यावर काका घरोघर फिरले. घागर उचलायची, वाकायचं, हात लावायचा, बोट दाखवायचं. घरचं माणूस महिना सांगायचं, मी लिहायची. दोन-तीन घरं होईपर्यंत मला आशा होती. नंतर नाही. काकूंकडे ज्येष्ठ, त्यांच्या शेजारी भाद्रपद, पलीकडे आषाढ, परत ज्येष्ठ, मग श्रावण. आमच्या घागरीनं श्रावणच दाखवला, नेहमीसारखा.

अंगणात मी वाचून दाखवलं. शेवटचं घर वाचून झालं. मग मागून एक जण म्हणाला, ‘याच्यात काय हाये एवढं? बाकीच्यायच्या घागरी खोट्या. बाबाचा हातच येगळा हाये. पिढ्यायचा हात हाये तो.’ सगळ्या अंगणानं श्वास सोडला. ‘हो ना,’ ‘बराबर हाये,’ असं चहूकडून सुरू झालं. काकूंनी तर माझ्याकडे पाहून मान उडवली. लोक बाबांना प्रेमानं वाट काढून देत होते. एक मान डोलावली असती तर त्यांची संध्याकाळ त्यांच्याजवळ राहिली असती. आणि खरं सांगते, माझ्या मनात आलं, डोलवा बाबा. प्रबंध गेला चुलीत.

बाबा म्हणाले, ‘नाही.’

ते सकाळसारखेच उभे राहिले.

‘जनमभर म्हनत आलो, मी कोन सांगनारा, घागर सांगते. आता हरलो तं माहा हात मोठा झाला काय?’ ते काकांकडे वळले. ‘सकाळी बोललो तेच संध्याकाळी. धूळपेरनी ज्यानं त्यानं आपल्या इचारानं करा. मले नोका इचारू आता.’

काका उठले, त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, ‘घागरीचं नाही इचारत. पर मी तं तुलेच इचारीन, कपाशीचं तुले समजते म्हनून.’ बाबा हसले, पण डोळे भरले होते. मी आत जाऊन आमरसाचं पातेलं उगाचच हलवत बसले.

मॅडमना निकाल दाखवला तेव्हा मी लिहिलं होतं, ‘घागर खोटी आहे हे सिद्ध झाले.’ त्यांनी तेही खोडलं. ‘एका गावात, एका वर्षी, आपल्याला मेळ सापडला नाही. शून्य परिकल्पना फेटाळता आली नाही. एवढंच. याच्यापुढं एक पाऊल नाही.’ मी हे बाबांना फोनवर सांगितलं. ते मोठ्यानं हसले. ‘म्हंजे तुह्या शास्त्राले बी जपून बोला लागते! मले वाटलं, मीच एकटा घाबरट.’

पुढच्या तृतीयेला मी माहेरी गेले. मनात धाकधूक होती. आमची गल्ली मोकळी होती. संध्याकाळ झाली तरी अंगणात कोणी आलं नाही, फक्त काका येऊन खाटेवर बसले होते. बाबांनी मात्र सकाळीच नवी घागर धुऊन ठेवली होती. देवघरापुढं जागा सारवली होती. ढेकळं नव्हती. त्यांनी घागर सरळ जमिनीवर मांडली, आईच्या फोटोसमोर.

मी म्हटलं, ‘बाबा, आता कोनासाठी?’

‘तुह्या मायसाठी. घागर तं तिच्यासाठीच असते ना. उन्हाळ्याचं पानी.’ त्यांनी घागरीचा काठ पुसला. ‘इतकी वर्सं मी खालची ढेकळंच पाहत होतो. पान्याकडं पाह्यलंच नाही.’ मग माझ्याकडे पाहून, अगदी सहज, ‘हे पानी तिले भेट्टे का नाही, याची लिहिता येते का वं परिकल्पना?’

मी खूप विचार केला. थट्टा नव्हती ती.

‘नाही येत, बाबा. हे वाक्य हरूच शकत नाही.’

‘मंग राहू दे,’ ते म्हणाले. ‘हरनारं म्या बोलून पाह्यलं. हे एक राहू दे घरात.’

त्यांनी लोटा माझ्या हातात दिला, आणि मी घागर भरायला लागले.